१ कॅरेट 'गुड' की ९० सेंट 'एक्सलंट'? हिऱ्याच्या कटमध्ये नक्की काय बघायचं?

लगीनघाई

मंडळी, धाकट्या भावाचा साखरपुडा दिवाळीनंतर आहे आणि होणाऱ्या वहिनीसाठी सॉलिटेअरची अंगठी करायचं घरात ठरलंय. आमच्या घरात हिरा म्हणजे आईच्या कानातल्या चमक्या, त्यापलीकडे कुणाला काडीचं ज्ञान नाही त्यामुळे तुम्हाला शरण आलोय.

ठाण्यातल्या एका दुकानात दोन हिरे बाजूला काढून ठेवलेत. दोन्ही राउंड, दोन्ही नॅचरल, दोन्ही जी कलर व्हीएस२ (म्हणजे रंगाची आणि स्वच्छतेची प्रत सारखीच), दोन्ही जीआयए (हिरे तपासणारी अमेरिकन संस्था) सर्टिफिकेटवाले. फरक एवढाच:

पहिला १.०० कॅरेट, कट गुड, डायमीटर ६.२० ते ६.२४ मिमी, डेप्थ (उंची, डायमीटरच्या) ६५.४ टक्के, टेबल (वरचा सपाट पैलू) ५८, वरचा कोन ३६, खालचा ४२.२, गर्डल (कंबर) थिक.

दुसरा ०.९० कॅरेट म्हणजे ९० सेंट (शंभर सेंटचा एक कॅरेट), कट एक्सलंट, डायमीटर ६.१९ ते ६.२३, डेप्थ ६१.४, टेबल ५७, कोन ३४.५ आणि ४०.८, गर्डल मीडियम.

पहिला महाग आहे. दुकानदार म्हणतो एक कॅरेट ते एक कॅरेट, चारचौघात सांगायला बरं, कट वगैरे सगळं कागदावरचं असतं. भाऊ म्हणतो दुसरा जास्त चमकतो. आई म्हणते दोन्ही सारखेच दिसतायत, मग स्वस्तातला घ्या. कोण बरोबर?

बीकेसी_लोकल

आई बरोबर आणि भाऊपण बरोबर :)

तुम्ही आकडे दिलेत म्हणून बरं झालं, लोक नुसतं 'एक कॅरेट घेऊ का' विचारतात. जरा डायमीटर परत वाचा. एक कॅरेटवाला ६.२२ च्या आसपास आणि नव्वद सेंटवाला ६.२१. म्हणजे बोटात घातल्यावर वरून दोन्ही एकाच मापाचे दिसणार. नीट कापलेला एक कॅरेट राउंड साधारण साडेसहा मिमीच्या जवळ जातो. मग तुमच्या पहिल्या हिऱ्याचे ते दहा सेंट गेले कुठे? पोटात आणि कमरेत. जाड बुडाच्या पातेल्यासारखं आहे, वजनकाट्यावर भरतं पण दूध तेवढंच मावतं.

आणि हे चुकून होत नाही, मुद्दाम करतात. मी हिऱ्याच्या धंद्यात असॉर्टिंगला (हिरे प्रतवार वेगळे करायला) होतो, मुंबईत आधी ऑपेरा हाउसला पंचरत्नमध्ये आणि २०१० ला भारत डायमंड बोर्स (हिऱ्यांचा घाऊक बाजार) सुरू झाल्यावर बीकेसीला, त्यामुळे हे रोज बघितलंय. रफ (न कापलेला) हिरा आला की तो मशीनवर स्कॅन होतो, कॉम्प्युटर सांगतो की ह्यातून अमुक प्लॅनने इतके सेंट निघतील. आता समजा उत्तम मेकने (घडणीने) ९२ निघतोय आणि थोडं पोट सोडलं, कंबर जाड ठेवली तर बरोबर १.०० बसतोय. बाजारात एक कॅरेटच्या खाली आणि वर पर कॅरेट भावातच पायरी आहे, त्याला मॅजिक साइज म्हणतात, तसंच ५० सेंटला पण आहे. मग मालक काय करणार? एकावर नेणार. कारागिराचा दोष नाही, सुरतेचा रत्नकलाकार सांगाल तसा मेक काढून देतो, तळियां (खालचे पैलू) मारणारा वेगळा, मथाळा (वरचे पैलू) मारणारा वेगळा, एकेकाचा हात असा बसलेला असतो की बघत राहावं. पण वजन ठेवायचं की तेज ठेवायचं हे घंटीवर (घासायच्या चाकावर) बसलेला माणूस ठरवत नाही.

भौतिकमास्तर

माझा शाळेत शिकवायचा विषय निघाला, आता सोडत नाही.

हिऱ्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) २.४२. त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन फक्त २४.४ अंश. काचेचा ४२ च्या जवळ असतो. म्हणजे हिऱ्याच्या आत गेलेला किरण आतल्या भिंतीवर २४.४ अंशांहून जास्त तिरका आदळला की बाहेर पडूच शकत नाही, आरशासारखा पूर्ण परत फिरतो. पैलू पाडणं म्हणजे ह्या भिंती कुठल्या कोनात उभ्या करायच्या एवढाच प्रश्न आहे.

आता धागाकर्त्याचे दोन हिरे घ्या. किरण वरून टेबलमधून सरळ खाली आला असं धरू. खालचा कोन ४०.८ असेल तर पहिल्या पैलूवर तो ४०.८ अंशांनी आदळतो, परत फिरतो, समोरच्या पैलूवर ५७.६ ला आदळतो, परत फिरतो आणि वर टेबलला जातो तो १६.८ अंशांनी. हे २४.४ पेक्षा कमी, म्हणून बाहेर पडतो. बाहेर पडताना वाकून साधारण ४४-४५ अंशांच्या दिशेला जातो. किरणाचा रस्ता उलटा पण तसाच चालतो, म्हणजे तुम्ही हिऱ्यात वरून बघता तेव्हा तुम्हाला दिसतो तो बाजूने ४५ अंशांवरून आलेला उजेड, खिडकीचा नाहीतर छताचा.

४२.२ च्या हिऱ्यात हाच हिशोब केला तर शेवटी ११.२ अंश येतात आणि बाहेर सुमारे २८. म्हणजे तो हिरा उजेड गोळा करतोय तुमच्या डोक्याच्या बऱ्याच जवळून, आणि जवळ घेऊन बघायला लागलात की तिथं उजेड नसतो, तुमचं डोकं असतं. मध्यभाग काळसर वाटतो तो ह्याने. पोट अजून वाढत गेलं की मधे काळा ठिपकाच बसतो. उलट खाली फार चपटा केला, समजा ३८, तर किरण टेबलला २८ अंशांनी जातो, बाहेर पडतच नाही, आतच भटकतो, आणि आणखी चपटा केला तर टेबलच्या आत कमरेचं पांढरट वर्तुळ दिसायला लागतं, माशाच्या डोळ्यासारखं. (खरे किरण सगळ्या दिशांनी येतात, मी फक्त सरळ येणारा धरलाय, तिरक्यांची गळती आधीच सुरू होते.)

दीड अंशाचा खेळ आहे बघा.

नवशिका_नाना

मास्तर __/\__ वाचनखूण साठवली आहे.

सोनं_म्हणजे_सोनं

एवढं गणित करण्यापेक्षा तेवढ्या पैशाचं सोनं घ्या. हिरा विकायला जाल तेव्हा कळेल, घेताना लाख आणि देताना तोंड वाकडं. माझ्या मेव्हण्याला एका मोठ्या दुकानाने स्वतःच विकलेल्या अंगठीचे असे काही भाव सांगितले की तो तसाच घरी आला. हिऱ्याचा कट बघण्यापेक्षा खिशाला किती कट लागतो ते बघा.

बीकेसी_लोकल

@सोनं_म्हणजे_सोनं, गुंतवणूक म्हणून हिरा घेऊ नये ह्यात दुमत नाहीच. पण साखरपुड्याला वळं देऊन चालणार नसेल तर निदान जे घ्यायचं ते नीट घ्यावं की.

आणि परत विकायच्या बाबतीत पण कट येतोच. धंद्यात रॅपापोर्टची भावाची लिस्ट चालते, १९७८ पासून आहे. त्या लिस्टीत शेप, वजन, कलर, क्लॅरिटी एवढंच असतं, कटचा रकानाच नाही. लोकांना वाटतं म्हणजे कटला किंमत नाही. तसं नाही, कट येतो डिस्काउंटमध्ये. बोर्सला दोन माणसं टेबलाला समोरासमोर बसतात, मधे पुडी उघडलेली, एक आयग्लास (भिंग) लावून बघतो आणि म्हणतो इतके टक्के बॅक, म्हणजे लिस्टपेक्षा कमी. दोन्ही हिरे जी व्हीएस२ एक कॅरेट, लिस्टला एकच आकडा, पण ज्याचं मेक बेकार त्याला बरंच जास्त बॅक मागतात. ही कपात घाऊकवाला घाऊकवाल्याकडून घेतो, ती काउंटरवरच्या गिऱ्हाइकापर्यंत नेहमी पोचतेच असं नाही. धागाकर्त्याच्या दुकानात तो गुडवाला हिरा 'एक कॅरेट' ह्या नावावरच विकला जातोय.

सॅनहोजेकर

इकडे अमेरिकेत ऑनलाइन घेताना प्रत्येक हिऱ्याचा फिरता व्हिडिओ बघायला मिळतो, त्यावरून सांगतो. सर्टिफिकेटवर एक्सलंट बघून डोळे झाकून घेऊ नका. जीआयएचा एक्सलंट बराच ऐसपैस आहे, खालचा कोन ४०.६ ते ४१.८ आणि वरचा ३१.५ ते ३६.५ एवढी मुभा आहे, टेबल ५२ ते ६२. अर्थात सगळ्या जोड्या चालत नाहीत पण तरी दोन एक्सलंट शेजारी ठेवले तर एक ठणठणीत आणि एक मरगळलेला असं होऊ शकतं. मी शोधताना वरचा ३४ ते ३५, खालचा ४०.६ ते ४१, टेबल ५४ ते ५८ आणि डेप्थ ६०-६२.५ च्या आत असा चाळणीतून काढला होता. वरचा कोन वाढला तर खालचा कमी हवा, दोन्ही एकदम वाढले की पोटू हिरा. तुमचा ०.९० ह्यात बसतोय, मी असतो तर आजच उचलला असता.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या माणसाने १९१९ मध्ये राउंड ब्रिलियंटचं गणित मांडलं, घराणंच हिरे कापणाऱ्यांचं. त्याचे आकडे होते टेबल ५३, वर ३४.५, खाली ४०.७५. शंभर वर्षं झाली, मशीनं आली, लेझर आलं, माणसं अजून त्याच्याच आसपास घुटमळतायत. मजा म्हणजे जीआयएने राउंडला कट ग्रेड द्यायला सुरुवात केली ती २००६ च्या तोंडावर, त्याआधी त्यांच्या सर्टिफिकेटवर कटची ग्रेडच नसायची.

ठमाकाकू

मला ओव्हल आवडतो, बोट लांब दिसतं. त्याला पण हेच आकडे का?

सॅनहोजेकर

नाही काकू. शेप वेगळा आणि कट वेगळा. वर जी कट ग्रेड म्हणतोय ती जीआयए फक्त राउंडला देते. ओव्हल, पेअर, मार्कीजला सर्टिफिकेटवर पॉलिश आणि सिमेट्री असते, बाकी डोळ्यांनीच बघायचं. त्यांच्यात मधे आडवी काळी सावली पडते, बो टाय म्हणतात, थोडी असतेच पण हिरा डुलवला तरी ती हलत नसेल तर सोडून द्या. राउंडपेक्षा पर कॅरेट स्वस्त पडतात कारण रफमधून वाया कमी जातं, राउंड काढताना निम्म्याहून जास्त रफ भुकटी होतं.

नाशिककर_बुवा

धाग्यात इतका वेळ नाशिकचा हिरा कसा नाही आला?? वजन की तेज ह्या भांडणाचं ह्याहून मोठं उदाहरण नाही.

नासक डायमंड. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाचा म्हणून सांगतात, पेशव्यांकडे होता आणि १८१८ ला दुसऱ्या बाजीरावाचं राज्य बुडालं तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा वजन नव्वद कॅरेटच्या आसपास. आपल्याकडचा जुना कट, म्हणजे मूळ दगडाचा आकार धरून वर पैलू घातलेले, वजन कमीत कमी घालवायचं. लंडनच्या सराफांना तो 'ओबडधोबड' वाटला, त्यांनी घासून ऐंशीच्या आसपास आणला, पण आकार साधारण तोच ठेवला. मग १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला, एमराल्ड कट (चौकोनी) केला, आणि उरला ४३.३८ कॅरेट. नव्वदचा त्रेचाळीस! आणि शोभा वाढली म्हणून कौतुक.

कोहिनूरचं तेच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक रांगा लावून बघायला आले आणि 'ह्यात काय चमकतंय' म्हणून नाकं मुरडून गेले. गॅसचे दिवे लावून बघितले तरी जमेना. मग १८५२ ला प्रिन्स अल्बर्टच्या पुढाकाराने ॲमस्टरडॅमहून कारागीर बोलावले, वाफेच्या इंजिनावर चाक चालवलं, पहिला पैलू म्हाताऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या हस्ते (हा तोच, १८०३ ला असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेला). ३८ दिवस काम चाललं. १८६ कॅरेटचा १०५.६ झाला. एवढं करून तेव्हाही सगळे खूश नव्हतेच.

माझं मत विचाराल तर दोन्ही हिऱ्यांचं वाटोळं केलं. आपल्याकडे मोठ्या रत्नाचं मोल त्याच्या आकारमानाला आणि पाण्याला होतं, मेणबत्तीच्या उजेडात टिमटिमायला नाही.

भौतिकमास्तर

बुवा, भावना समजू शकतो पण जुना कट प्रकाश गळू देतो ही वस्तुस्थिती आहे. तो काय इंग्रजांनी काढलेला नियम नाही.

नाशिककर_बुवा

गळू दे की! तो देवाच्या अंगावर होता, बीकेसीच्या टेबलावर नव्हता.

आणि आपल्याकडे कापणाऱ्यालाही जाब विचारायचे. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६६५ ला औरंगजेबाच्या दरबारात ग्रेट मोगल हिरा हातात घेऊन बघून आला, त्याने लिहून ठेवलंय की व्हेनिसच्या होर्तेन्सिओ बोर्जिओने तो घासून घासून इतका कमी केला की त्याला मजुरी देणं सोडाच, उलट दहा हजार रुपये दंड केला. ७८७ कॅरेटचा २८० च्या आसपास राहिला होता. त्याच ताव्हेर्निएने हेही लिहिलंय की आपले कारागीर डाग लपवायला त्या जागी बारीक बारीक पैलू घालायचे. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, फक्त वजन घालवायचं नव्हतं. आजचा एक कॅरेटवाला मालक पण तेच करतोय ना?

बीकेसी_लोकल

हा हा, हे मात्र बरोबर पकडलंत. फरक एवढाच की आज दंड गिऱ्हाईक भरतं.

आजीची_नात

बुवांमुळे आठवलं. आमच्याकडे पणजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. हिरे चपटे, वरून त्रिकोणी त्रिकोणी पैलू, खाली सपाट असावेत कारण मागून सोन्याने बंद आहेत. दिवसा ट्यूबलाइटमध्ये काहीच नाही, अगदी काच वाटते. पण निरांजन लावलं की एकदम खुलून आल्यासारखे दिसतात, पिवळसर मंद. सराफ म्हणाला हे काढून नवीन कटमध्ये घासून द्या, आजकाल कोण घालतं असलं. करावं का?

बीकेसी_लोकल

नका हो करू! ते 'रोझ कट' (खाली सपाट, वर त्रिकोणी पैलूंचा जुना प्रकार) वाटतायत. मागे बंद म्हणजे आत बहुतेक चांदीचा वर्ख असणार, खालून उजेड परत फेकायचं काम पैलूंच्या ऐवजी तो वर्ख करतो. चपट्या दगडाला नवीन राउंडची खोलीच नसते, कापायला गेलं तर हातात जिरं उरेल. मजुरी जाईल, वजन जाईल आणि जुन्या कामाची जी किंमत आहे ती पण जाईल. असे दगड आता मुद्दाम शोधणारे लोक आहेत.

लगीनघाई

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल परत दुकानात गेलो. दोन्ही हिरे बाहेर दरवाज्याजवळ नेऊन बघू द्या म्हटलं तर आधी नाही म्हणाला, मग सेल्समन बरोबर आला. आत स्पॉटलाइटखाली दोन्ही दणकून चमकत होते. दारात सावलीत धरले आणि एक कॅरेटवाल्याचा मधला भाग खरंच धुरकट, राखाडी. नव्वदवाला तसाच जिवंत. आईलासुद्धा लगेच दिसला फरक. आता प्रश्न असा की शेजारच्या दुकानात लॅब ग्रोन (प्रयोगशाळेत वाढवलेले) दाखवले, दीड कॅरेट, एक्सलंट, आणि किंमत ह्याच्या कितीतरी खाली. तो पण हिराच ना?

सॅनहोजेकर

हिराच. अपवर्तनांक तोच, चमक तीच, मास्तरांचं गणित जसंच्या तसं लागू. फक्त रफ स्वस्त असल्यामुळे वजन वाचवायचा मोह कमी, म्हणून त्यात चांगला कट सहज मिळतो, आणि तरीही कुणी गुड कट लॅब ग्रोन गळ्यात मारत असेल तर तिथून उठा. भाव मात्र गेली काही वर्षं घसरतच आहेत, परत विकायचं स्वप्न बघू नका. मोइसनाइट किंवा अमेरिकन डायमंडशी गल्लत नको, ते हिरेच नव्हेत. मोइसनाइट तर हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतो, लग्नाच्या हॉलमध्ये लांबून इंद्रधनुष्य दिसलं की समजा.

सोनं_म्हणजे_सोनं

म्हणजे नॅचरल घेतला तरी बुडालात आणि लॅबवाला घेतला तरी बुडालात. मी काय म्हणत होतो?

लगीनघाई

:) घरात मतदान झालं, नव्वद सेंट नॅचरल ठरला. दुकानदार म्हणतो अंगठीला हॉलमार्क आहे त्यामुळे काळजी नको.

बीकेसी_लोकल

हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. हिऱ्यासाठी सर्टिफिकेटचा नंबर कमरेवर लेझरने कोरलेला असेल तर तो आयग्लासमधून स्वतः वाचा, आणि बसवायच्या आधी एकदा आणि बसवून झाल्यावर परत एकदा वाचा. तोच नंबर जीआयएच्या साइटवर टाका. बसवताना काट्याखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या दातांखाली) नंबर झाकू नको म्हणून सांगून ठेवा, कारागीर ऐकतात. घडणावळ वेगळी आणि हिऱ्याचे पैसे वेगळे असं बिलावर लिहून घ्या, आणि परत घेण्याची अट काय ते पण तिथेच.

भौतिकमास्तर

आणि वापरायला लागल्यावर धूत जा. हा विनोद नाही. हिऱ्याच्या खालच्या बाजूला हाताचं तेल, क्रीम, कणीक बसली की तिथं बाहेर हवा न राहता तेलाचा थर येतो आणि क्रांतिक कोन २४ वरून ३८ च्या आसपास जातो. म्हणजे २४ ते ३८ च्या मधे आदळणारे जे तिरके किरण आतून परत फिरायचे ते त्या तेलात निघून जातात. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेला एक्सलंट कट एका पोळ्यांच्या कणकेने गुड होतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खालून घासा.

आजीची_नात

मग मी कुड्या पण धुऊन बघू का अशाच? खूप मळल्यात.

बीकेसी_लोकल

अजिबात नको!! बंद सेटिंगमध्ये पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो आणि मग ते हिरे कायमचे आंधळे. वरून कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस. फारच मळल्या असतील तर जुनं काम करणारा जडिया शोधा, तो मागचं उघडून वर्ख बदलून देतो. मास्तर, तुमच्या साबणाला एक तळटीप टाका.